‘टँक’ आणि ‘घाट’ : हॉब्सन-जॉब्सन कोशातील दोन नोंदी व महाड-पोलादपूरची साक्ष

इंग्रजी भाषेत शिरलेल्या भारतीय शब्दांचा विचार करू लागणाऱ्यास हेन्री यूल व आर्थर कोक बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश टाळून पुढे जाता येत नाही. १८८६ साली तो प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९०३ साली विल्यम क्रुक यांनी त्याची वाढविलेली आवृत्ती सिद्ध केली. ग्रंथाचे नाव मोठे चमत्कारिक आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी जसा टिपला, तसाच तो ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसला आहे. परक्या शब्दाला स्वभाषेतील ध्वनींचा पेहराव चढविण्याच्या प्रवृत्तीलाच पुढे हे नाव मिळाले. यूल हे बंगालच्या इंजिनिअर दलातील अधिकारी, बर्नेल हे मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी व संस्कृतज्ञ. मुंबई इलाख्याचा दीर्घ अनुभव दोघांपैकी एकालाही नव्हता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मराठी अभ्यासकांनी या कोशाचा उपयोग बहुधा एका मर्यादित हेतूने केलेला दिसतो. मराठीने इंग्रजीला कोणते शब्द दिले याची यादी करावयाची आणि तीत समाधान मानावयाचे, असा तो हेतू होय. या यादीत ‘मुंगूस’ हटकून असतो, आणि तो असणे रास्तही आहे. तेथे प्राणी तोच, अर्थ तोच आणि ध्वनीही बव्हंशी तेच. इंग्रजीने शब्दाच्या शेवटी हंसकुळातील एका पक्ष्याच्या नावाचे रूप तेवढे आणून ठेवले आणि आपल्याच विद्यार्थ्यांना अनेकवचन करताना अडचणीत टाकले. परंतु याच यादीत ‘टँक’ हा शब्दही मराठी ‘टाके’ याचा वंशज म्हणून निःशंकपणे घातला जातो. त्या दाव्याची तपासणी जितकी व्हावयास हवी तितकी झालेली नाही. ती करावयास महाड तालुक्यासारखे क्षेत्र नाही, कारण पाणी साठविण्याच्या निरनिराळ्या वस्तू आणि त्यांची निरनिराळी नावे येथे सुमारे दोन सहस्र वर्षांच्या अंतराने, पण काही कोसांच्या टापूत, एकत्र सापडतात.

इंग्लंडातील माणसास ‘टँक’ म्हटले म्हणजे पाणी वा तेल ठेवण्याचे बंदिस्त पात्र आठवते, अथवा रणगाडा. (रणगाड्याचे हे नाव पहिल्या महायुद्धात केवळ शत्रूला चकविण्यासाठी घेतले गेले. कारखान्यात तयार होत आहेत त्या पाण्याच्या टाक्या, असा बहाणा करण्यात आला आणि १९१६ साली ते यंत्र रणांगणावर उतरल्यावरही नाव तसेच राहिले.) हिंदुस्थानातील इंग्रजीत मात्र हा शब्द उघड्या तळ्यास लावला जातो. नवख्या इंग्रज वाचकास तो विचित्र वाटावा असाच आहे. यूल यांनी या नोंदीच्या आरंभीच कबूल केले आहे की, हा शब्द दुहेरी उगमाचा व म्हणून बुचकळ्यात टाकणारा आहे. एका बाजूस त्यांनी विल्सन यांच्या १८५५ च्या परिभाषासंग्रहातून मराठी ‘टांकें’ व गुजराती ‘टांकी’ ही रूपे उद्धृत केली. ड्रमंड यांच्या गुजराती-मराठीविषयक पुस्तकातील माहितीही त्यांनी जोडली. दुसऱ्या बाजूस त्यांनी पोर्तुगीज ‘टांक’ हा शब्द त्याच्या युरोपीय आप्तांसह मांडला आणि निर्णय बराचसा वाचकावर सोपविला. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशानेही गुजराती व मराठी रूपांना मान देऊन पोर्तुगीज शब्दाशी त्यांचा सांधा जुळविला आहे. अलीकडील यादीकारांनी या सावधपणातील पहिला अर्धा भाग उचलला व दुसरा सोडून दिला.

ड्रमंड यांनी दिलेले वर्णन बारकाईने वाचले असता मराठी दाव्याची खरी अडचण तेथेच उघड होते. दगड, वीट वा चुना यांनी बांधलेला, बहुधा घराच्या आत असलेला, वरून जवळजवळ झाकलेला आणि भांडे आत सोडण्यापुरतेच तोंड ठेवलेला जलसंचय, असे ते वर्णन आहे. हे वर्णन अचूक आहे, आणि ते तळ्याचे नाही. महाड तालुक्यातील रायगडावर ‘बारा टाकी’ आहेत आणि ‘हत्ती तलाव’ व ‘गंगासागर तलाव’ही आहेत. तलावही मानवनिर्मितच आहेत, तेव्हा ‘टाके मनुष्याने केलेले व तळे निसर्गाने केलेले’ असा सोपा भेद करून भागत नाही. भेद आहे तो घडणीत आणि वापरात. टाक्यात भांडे सोडतात. तळ्यात माणूस उतरतो. गडावर हिंडणारा कोणताही मराठी मनुष्य, त्याला कोशांची गंधवार्ता नसली तरी, हा भेद चुकत नाही. गडावरील जगदीश्वराच्या देवळाचा शके १५९६ चा संस्कृत शिलालेख वास्तूंची गणना करताना वापी, कूप आणि तडाग अशी तीन नावे पृथक् देतो, हेही येथे नोंदविले पाहिजे. तो लेख रचणाऱ्यास विहीर आणि तळे एकाच शब्दात कोंबावेसे वाटले नाही.

याहून जुनी साक्ष महाड शहराजवळील गांधारपाले येथील लेण्यांची आहे. तेथील ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह व आठ कोठड्या यांबरोबर दोन पाण्याच्या साठ्यांचेही दान केल्याची नोंद आहे. पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांत अशा कातळात खोदलेल्या साठ्यास ‘पोढी’ हा शब्द येतो. कान्हेरी व जुन्नर येथेही तोच आढळतो. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली या लेखांचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा ‘पोढी’साठी त्यांनी ‘टँक’ हा शब्द घेतला नाही. ‘सिस्टर्न’ हा शब्द घेतला. पुराणवस्तूंचे वर्णन करणाऱ्या पुढील इंग्रज लेखकांनीही किल्ल्यांवरील टाक्यांना सामान्यतः ‘सिस्टर्न’ आणि उघड्या तळ्यांना ‘टँक’ म्हटले. याचा अर्थ असा की, ‘टाके’ या शब्दापासून निघाला असे ज्याविषयी सांगितले जाते तो इंग्रजी शब्द ‘टाके’ या वस्तूस लावावा असे या देशात राहणाऱ्या इंग्रजांनाच वाटत नव्हते. पुत्राने पित्याचे नाव सांगावे पण त्याचे घर मात्र ओळखू नये, असा हा प्रकार आहे.

ध्वनींच्या बाजूनेही एक घोटाळा निस्तरला पाहिजे. काही कोशांतून ‘टाके’ हा शब्द संस्कृत ‘तडाग’ याच्यापासून आला असावा असे सुचविलेले आढळते. हे पटण्याजोगे नाही. ‘तडाग’ याचे मराठीतील प्रकृतिसिद्ध वंशज ‘तळे’ व ‘तलाव’ हे होत. त्यात दंत्य तकार टिकला आहे आणि डकाराचा ळकार वा लकार झाला आहे. ‘टांकें’ या जुन्या रूपातील मूर्धन्य टकार, सानुनासिक स्वर आणि ककार या तिन्हींपैकी एकाचाही उगम ‘तडाग’मध्ये दाखविता येत नाही. ‘टंक’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी, मराठीतील ‘टाकी’. जी ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या म्हणीत आहे तीच. तिच्याशी ‘टाके’ याचा संबंध जोडणे ध्वनींना अधिक सोयीचे आहे, आणि कातळात खोदलेल्या वस्तूच्या घडणीलाही ते शोभते. हा संबंध निर्णायकपणे सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. परंतु तळ्याचा आणि टाक्याचा पूर्वज एक नाही एवढे तरी निःसंशय म्हणता येते.

मग उघड्या तळ्यास ‘टँक’ म्हणण्याची रीत इंग्रजांनी कोठून घेतली? यूल यांनीच दिलेला एक पुरावा येथे सर्वांत वजनदार आहे. वास्को द गामाच्या १४९८ च्या सफरीचा जो वृत्तान्त उपलब्ध आहे, त्यात कालिकतच्या देवळापुढील दगडी तळ्यास पोर्तुगीज लेखकाने ‘टांक’ म्हटले आहे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागून त्या मंडळींना तेव्हा थोडेच दिवस झाले होते. गुजरात वा कोकण त्यांनी पाहिलेही नव्हते. अर्थात हा शब्द त्यांनी येथे शिकला नाही, घरून आणला. पुढे चौल व वसई येथे पोर्तुगीजांचे बस्तान बसले आणि पश्चिम किनाऱ्यावरील परदेशी व्यवहाराची भाषा मोठ्या प्रमाणात पोर्तुगीज झाली. इंग्रजांनी अनेक शब्दांप्रमाणे हाही त्यांच्याकडून उचलला. ‘टांकें’ व ‘टांकी’ ही देशी रूपे कानाला जवळची असल्यामुळे त्या शब्दाचे पाय येथे अधिक घट्ट रोवले गेले असतील. नव्हे, तसेच झाले असावे. परंतु रूपाला आधार देणे वेगळे आणि अर्थाला जन्म देणे वेगळे. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यास ही वजाबाकी रुचणार नाही. पण मुंगसावरचा हक्क पक्का ठेवावयाचा असेल तर टाक्यावरचा सैल करावा लागेल.

हा वाद केवळ व्युत्पत्तीपुरता राहिला असता तर त्याला फारसे महत्त्व आले नसते. परंतु महाडात या शब्दाने न्यायालयाची पायरी चढली. मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी स्थळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गास खुली असावीत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तदनुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले, खाली उतरले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्ण वादींनी दिवाणी दावा लावला. डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. खालच्या न्यायालयांत हरल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अपील केले. ब्रूमफील्ड व वाडिया या न्यायमूर्तींनी मार्च १९३७ मध्ये ते फेटाळले. वादी म्हणतात तशी अनादिकालापासूनची रूढी शाबीत झालेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. (ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत महात्मा गांधींचा खटला चालविणारेच न्यायाधीश.)

भाषाभ्यासकाने या निकालपत्राचा तळ्याचे वर्णन करणारा परिच्छेद मुद्दाम वाचावा. खटल्याच्या सर्व कागदांत ‘चवदार टँक’ असाच उल्लेख चालत आलेला आहे, तरीही न्यायमूर्तींना त्या शब्दाचा खुलासा करणे आवश्यक वाटले. हे लहान सरोवर वा मोठे डबके म्हणावे असे असून त्याचे क्षेत्र ४ ते ५ एकर आहे, असे ते सांगतात. सभोवार नगरपालिकेचे रस्ते आहेत, रस्त्यांपलीकडे घरे आहेत आणि घरमालकांपैकी अनेकांच्या मालकीच्या, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या काठावर आहेत, हेही ते नमूद करतात. पायऱ्यांसाठी त्यांनी ‘घाट’ हा शब्द ठेवला व त्याचाही अर्थ तेथेच दिला. दोन्ही शब्द इंग्रजी कोशांत येऊन पिढ्या लोटल्या होत्या. तरी निवाडा देताना ते पुरेसे स्वच्छ नाहीत हे त्या न्यायाधीशाने ओळखले होते.

ही दक्षता अनाठायी नव्हती. ‘टँक’ या शब्दाच्या छत्राखाली घरातले झाकलेले टाकेही बसते, देवळाची पुष्करणीही बसते आणि गावाचे तळेही बसते. खाजगी मालकीचा दावा यांपैकी पहिल्याविषयी सहज संभवतो, तिसऱ्याविषयी तो मोठ्या कष्टाने सिद्ध करावा लागतो. इंग्रजीत वाद चालविताना हा भेद शब्दातच बुडून जाण्याचा धोका होता. मराठीत तो बुडत नाही, कारण तळे म्हटले की त्यात उतरण्याची वाट गृहीत धरलेली असते, आणि भांडण होते ते नेमके त्या उतरण्याविषयी. बोले यांच्या ठरावातील ‘पाणवठा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द या दृष्टीने अधिक चोख आहे. तो पाण्याच्या साठ्याचे नव्हे, तर माणसे पाण्यापर्यंत जेथे पोचतात त्या जागेचे नाव आहे.

पुढे याच दोन शब्दांनी भारतीय संविधानातही प्रवेश केला. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, ‘टँक’, स्नानाचे ‘घाट’, रस्ते व सार्वजनिक जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात इत्यादी कारणांवरून कोणावरही निर्बंध घालण्यास मनाई केलेली आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे सांगावयास नको. संविधानाच्या मराठी पाठात या ठिकाणी ‘तलाव’ हा शब्द आहे. ‘टाके’ नाही. भाषांतरकारांनी येथे व्युत्पत्तीच्या मागे न जाता वापराची कास धरली, आणि ते योग्यच केले. विद्यापीठीय प्रबंधांतून मात्र इंग्रजी गॅझेटिअरमधील ‘टँक’ वाचून मराठीत ‘टाके’ लिहिण्याची चूक अद्याप घडते. एका गावच्या चार एकर तळ्याचे त्यामुळे कागदावर टाके होते, आणि वस्तीच्या पाण्याचा सगळा इतिहास चुकीच्या जागी मांडला जातो.

‘घाट’ या नोंदीची कथा निराळी आहे. यूल यांनी तिचे तीन अर्थ लावले आहेत : नदीवर वा पाण्यावर उतरण्याची जागा; डोंगरातून उतरण्याची वाट, खिंड; आणि द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांना समांतर जाणाऱ्या पर्वतरांगांचे विशेषनाम. तिसरा अर्थ हा परकीयांचा गैरसमज असावा, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले. ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ मुलूख असे लोक बोलताना ऐकून परदेशी माणसाने घाट हेच पर्वताचे नाव समजले, असा त्यांचा तर्क आहे. १६ व्या शतकातील पोर्तुगीज इतिहासकार बॅरोस याने तर या पर्वतास स्वतःचे नाव नसून देशी लोक त्याला ‘गाट’ म्हणजे पर्वतरांग म्हणतात, असे लिहून ठेवले. ज्या पर्वतास सह्याद्री हे प्राचीन नाव आहे त्याला नावच नाही असे ठरविणारा हा इतिहासकार आणि त्याची चूक हेरणारे यूल यांच्यात यूल यांचे माप मोठे आहे.

तरीही या नोंदीत एक उणीव राहून गेली. शब्दावर छाप आहे ती हिंदुस्थानी भाषेची. गंगा-यमुनेच्या मैदानात ‘घाट’ मुख्यतः नदीकाठचा असतो. डोंगर-वाटेचा अर्थ ज्या मुलखात रोजच्या बोलण्यात मुरलेला आहे, आणि ज्या मुलखातून तो पोर्तुगीज व इंग्रज यांच्या कानी पडला, तो मराठी व कोकणी भाषकांचा किनारा होय. बंगाल व मद्रास येथे हयात घालविलेल्या ग्रंथकारांना हे जाणवले नाही यात नवल नाही. पण १९०३ च्या आवृत्तीतही ती छाप तशीच राहिली. मराठीने येथे खरोखर हक्क सांगावा. टाक्याबाबत सोडलेला दावा घाटाबाबत व्याजासह वसूल होण्याजोगा आहे.

या हक्काची साक्ष पोलादपूर देते. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडास येते आणि बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. या एका नदीच्या ओघात यूल यांचे पहिले दोन्ही अर्थ एकापुढे एक मांडलेले दिसतात. वर पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट, खाली महाडास पाण्यात उतरणारे घाट. भरतीच्या पाण्यावर लहान गलबते महाडच्या बंदरापर्यंत येत असत आणि तेथला माल बैलांच्या पाठीवर डोंगरवाटांनी देशावर चढे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही ‘घाट’ एकाच प्रवासातील दोन उतार होते. अर्थ दोन नसून एकच आहे, तो म्हणजे उंचावरून खाली उतरण्याची जागा. खाली पाणी आहे की कोकण, एवढाच फरक. यूल यांनी क्रमांक घालून जे अर्थ अलग केले त्यांतील पहिले दोन मराठी भाषकाच्या मनात अलग नाहीत.

तिसरा, चुकीचा अर्थ मात्र आता फिरून मराठीत आला आहे. शाळेच्या भूगोलातील ‘पश्चिम घाट’ हे इंग्रजी नावाचे भाषांतर होय. २०१२ साली युनेस्कोने या पर्वतातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिल्यापासून तर वृत्तपत्रांतून सह्याद्री मागे पडून पश्चिम घाटच पुढे आला. परक्याने चुकीने घेतलेला शब्द मूळ भाषेने त्या चुकीसह परत स्वीकारावा, ही घटना भाषाशास्त्रात अपूर्व नाही. तीबद्दल खंत करण्याचे कारण नाही, पण तिची नोंद मराठी कोशांनी करावयास हवी. ‘घाटी’ या शब्दाची गतही पाहण्यासारखी आहे. हिंदीत ती दरी, तर कोकणात तो घाटावरून आलेला माणूस, आणि मुंबईत ती शिवी.

बोलीने मात्र भूगोलाचे पुस्तक अजून मानलेले नाही. पोलादपूरकडील मनुष्य ‘घाटावर गेला’ म्हणतो तेव्हा तो देशावर, वाई-साताऱ्याकडे गेलेला असतो. डोंगरात गेला असता तर ‘डोंगरात गेला’ असेच त्याने म्हटले असते. पोलादपूर व खेड यांच्या दरम्यान असलेल्या कशेडी घाटाखालून मुंबई-गोवा महामार्गाचा बोगदा खोदण्यात आला आणि २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला. आता मोटारी डोंगराच्या ऐन पोटातून जातात, आणि गाडीवान म्हणतो, ‘घाट चुकला’.